वेड्यांच्या इस्पितळापासून मनोरुग्णालयापर्यंत

आपल्या रत्नागिरीत वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले ते १८८६ साली. स्मृती आणि कल्पना यांची स्थाने मेंदूत आहेत, असे हकीम इब्न सीना (मृत्यू १०३७) यांनी आठ शतकांपूर्वीच लिहून ठेवले होते. पॅरिसच्या डॉ. ब्रोका यांनी १८६१ साली वाचा गेलेल्या रोग्याच्या मेंदूत डाव्या बाजूची इजा प्रत्यक्ष दाखविली. पण या ज्ञानाने रोग्याचे काय भले झाले? औषध नव्हते. त्या काळच्या अशा इस्पितळांत मुख्य उपाय एकच, कोंडून ठेवणे!

गंमत अशी, की औषधी मुळी आपल्याच देशात होती. वेडावर सर्पगंधा देत असत. सेन व बोस या बंगाली विद्वानांनी १९३१ साली तिच्याविषयी लिहिले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन काढले गेले, आणि त्याने मेंदूतील काही द्रव्ये घटतात असे पुढे आढळले. वागणुकीचा संबंध मेंदूतील रसायनांशी आहे, हे तेव्हा पटू लागले. पुढे अधिक चांगली औषधे आली.

१९१२ च्या कायद्यातील ‘वेडा’ १९८७ च्या कायद्याने मनोरुग्ण झाला. आपण मात्र अजून ‘बाधा झाली’ म्हणतो, आणि रोग्याला इस्पितळात नेतो ते सर्वांत शेवटी.