अध्यापक-कक्षातील समता : दादर-शिवाजी पार्कच्या संदर्भात एक ऐतिहासिक टिपण

उच्च शिक्षणातील समतेचा विचार सामान्यतः वर्गातील विद्यार्थ्यापासून आरंभ होतो. प्रस्तुत लेखात तो अध्यापक-कक्षापासून करावयाचा आहे. अध्यापकांनी एकत्र बसून आपल्या अध्यापनाची चिकित्सा करावी, परस्परांकडून शिकावे, ही कल्पना आज रूढ होत आहे. मात्र हे एकत्र बसणेच मुंबईत एके काळी किती अवघड होते, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात मिळतो.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. कोलंबिया विद्यापीठात उच्च अध्ययन केलेल्या या प्राध्यापकाने अध्यापक-कक्षातील पाण्याच्या भांड्यास शिवू नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला. त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर महाविद्यालयांचे विद्यार्थी येऊन बसत, ही गोष्टही त्याच काळातील. चरित्रकार हा प्रसंग व्यक्तिगत अवमान म्हणून सांगतात. शिक्षणाच्या इतिहासात त्याला निराळे स्थान द्यावयास हवे. ज्याची विद्वत्ता विद्यार्थ्यांनी मान्य केली, त्याच्यासह पाणी पिण्यास समव्यवसायी राजी नव्हते. मग अध्यापनाविषयी संवाद कोठून व्हावा?

पुढे मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी १९२४ मध्ये नेमलेल्या समितीपुढे त्यांनी लेखी निवेदन दिले. विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारी संस्था राहू नये, अध्यापन व संशोधन यांची फारकत होऊ नये, हा त्यातील आग्रह होता. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळातील विद्यापीठ विधेयकावरील चर्चेत त्यांनी मागासलेल्या वर्गांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न उपस्थित केला. एक मागणी ज्ञानव्यवहाराची, दुसरी सामाजिक न्यायाची. त्यांच्या लेखी या दोन्ही एकाच सुधारणेच्या बाजू असाव्यात.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी तेथे सकाळचे वर्ग होते. वेळापत्रकातील हा बदल वरवर किरकोळ भासतो. परंतु कोणाला शिकता येईल, हे कित्येकदा वेळापत्रकच ठरविते. पहिल्या प्राचार्यपदी संस्कृतचे व्यासंगी अ. बा. गजेंद्रगडकर आले. पाण्याच्या भांड्याच्या प्रसंगानंतर अवघ्या अडीच-तीन दशकांत, आंबेडकरांनी उभारलेल्या संस्थेत विविध जातींचे अध्यापक एकत्र काम करू लागले. औरंगाबादेत १९५० मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव लाभले. तेथील म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे या अध्यापकांचे कार्य वर्गाबाहेर पडून साहित्यचळवळीपर्यंत पोहोचले.

दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ बांधताना बाबासाहेबांनी ग्रंथसंग्रहाची विशेष सोय करून घेतली होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथेच आज चैत्यभूमी आहे. दरवर्षी ६ डिसेंबरला शेजारच्या शिवाजी पार्क मैदानावर पुस्तकांची दुकाने मांडली जातात, आणि गावोगावहून आलेली माणसे पिशव्या भरून पुस्तके विकत नेतात.