कँप श्रायव्हर

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी अमेरिकेत १९६२ च्या जूनमध्ये सुरू झालेले उन्हाळी क्रीडाशिबिर. स्पेशल ऑलिम्पिक्स या अशा अपंगत्व असलेल्यांच्या क्रीडास्पर्धांच्या चळवळीचा उगम यात मानला जातो. युनिस केनेडी श्रायव्हर (१९२१–२००९) यांनी ते मेरिलंड राज्यात, वॉशिंग्टनजवळच्या टिंबरलॉन या आपल्या निवासस्थानाच्या आवारात भरवले.

पार्श्वभूमी : त्या काळी अशा मुलांना नेहमीच्या शिबिरांत घेत नसत. पुष्कळांची रवानगी निवासी संस्थांमध्ये होई. घरी असलेल्यांनाही झेपणार नाही, लागेल, या धास्तीने मैदानापासून दूर ठेवले जाई. युनिस यांची थोरली बहीण रोझमेरी हिलाही बौद्धिक अपंगत्व होते. १९४१ मधील मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर तिची अवस्था अधिकच बिकट झाली आणि पुढील आयुष्य मुख्यतः संस्थेत गेले. शिबिराच्या कल्पनेशी या घटनेचा संबंध जोडला जातो. तो किती थेट होता हे सांगणे अवघड आहे.

पद्धती : पहिल्या वर्षी पस्तिसेक मुले होती आणि हायस्कूल-कॉलेजातील पंचवीसच्या आसपास तरुण मार्गदर्शक. म्हणजे साधारण दर तीन मुलांमागे दोन सोबती. शिबिराचे खरे यश मूल आणि सोबती यांच्या या जवळिकीत आहे. पुढच्या स्पेशल ऑलिम्पिक्समधील पदकांच्या झगमगाटात त्याची दखल फारशी घेतली जात नाही. पोहणे, चेंडूचे खेळ, घोडेस्वारी, अडथळ्यांची वाट असा कार्यक्रम असे. युनिस स्वतः तलावात उतरून मुलांना शिकवत. अनुकूलित शारीरिक शिक्षणात कौशल्याचे बारीक टप्पे पाडतात : मूल आधी काठावर बसून पाय पाण्यात सोडते, मग सोबत्याचा हात धरून उतरते, नंतर तोंड बुडवून बुडबुडे काढते, हात सोडायची वेळ मूलच ठरवते. घाई करणारा प्रशिक्षक इथे कामाचा नाही.

शुल्क : नव्हते.

विस्तार : सप्टेंबर १९६२ मध्ये ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये लेख लिहून युनिस यांनी रोझमेरीच्या अपंगत्वाची उघड वाच्यता केली. केनेडी कुटुंबाच्या प्रतिष्ठानाच्या अनुदानाने इतरत्रही अशी शिबिरे निघाली. २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर पहिले आंतरराष्ट्रीय स्पेशल ऑलिम्पिक्स झाले. अमेरिका व कॅनडातील सुमारे १,००० खेळाडू उतरले. २००६ पासून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन शाखेत याच नावाचे शिबिर भरते. तेथे अपंगत्व असलेली व नसलेली मुले एकत्र खेळतात. मूळ शिबिराच्या पुढचे, आणि अधिक मोलाचे, पाऊल हेच होय.

भारत : स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संघटना या चळवळीचे काम पाहते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ३० नुसार क्रीडा प्राधिकरणांनी आपल्या योजनांत दिव्यांगांच्या समावेशाची तरतूद करणे बंधनकारक आहे. सरकारी उन्हाळी शिबिरांत या मुलांना जागा मिळणे हा त्यांचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.