थाट, पट्टी आणि स्केल : महाराष्ट्रातील स्वरसप्तक-विचाराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

भोर आणि वेल्हे परिसरातील गावांत एकादशीच्या भजनाला बसले असता एक प्रश्न हमखास कानी पडतो. पेटीवाला बुवांना विचारतो, "पट्टी कोणती?" बुवा "काळी एक" किंवा "पांढरी दोन" असे उत्तर देतात आणि भजन सुरू होते. याच परिसरातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी आता इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर 'सी मेजर', 'ए मायनर' ही नावे शिकून येतो, तर संगीताच्या परीक्षेसाठी त्याला दहा थाट पाठ करावे लागतात. पट्टी, थाट आणि स्केल या तीन संज्ञांचा परस्परसंबंध मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही. तो संबंध ऐतिहासिक अंगाने तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनांचे स्वरूप

पाश्चात्त्य संगीतात मेजर व मायनर ही स्वरांतरांच्या रचनेची नावे आहेत. मेजर स्केलमध्ये तिसरा व चौथा आणि सातवा व आठवा या स्वरांत अर्धे अंतर असते, इतरत्र पूर्ण. हाच आपला बिलावल थाट होय. नैसर्गिक मायनरमध्ये गंधार, धैवत व निषाद कोमल असतात. तो आपल्या आसावरी थाटाशी जुळतो. की सिग्नेचर ही त्यापुढची गोष्ट आहे. स्वरलेखनाच्या आरंभी शार्प वा फ्लॅटची चिन्हे एकदाच लिहून संपूर्ण रचनेत कोणते स्वर बदलायचे हे तिच्याद्वारे सांगितले जाते. चिन्ह नसलेली एक, शार्पच्या सात आणि फ्लॅटच्या सात अशा एकूण १५ सिग्नेचर होतात व प्रत्येक सिग्नेचर एका मेजरला आणि एका मायनरला लागू पडते.

एकच सिग्नेचर दोहोंना कशी चालते, याचे उत्तर आपल्या मूर्च्छना-विचारात सापडते. बिलावलच्या धैवताला षड्ज मानून तेच सात स्वर वाजवले की आसावरीचे स्वर मिळतात. याच रीतीने ऋषभापासून काफी, गंधारापासून भैरवी, मध्यमापासून कल्याण आणि पंचमापासून खमाज सिद्ध होतो. निषादापासून मात्र शुद्ध पंचम मिळत नाही. म्हणजे दहापैकी सहा थाट एकाच स्वरसमूहाची षड्जचालनाने मिळणारी रूपे आहेत. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार त्यातून निघत नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या दोन पद्धतींची तुलना एकोणिसाव्या शतकात केवळ तात्त्विक राहिली नव्हती. विल्यम जोन्स यांचा हिंदू संगीतावरील निबंध १७९२ मध्ये, तर कॅप्टन विलर्ड यांचा ग्रंथ १८३४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे आपल्या संगीताला शास्त्र आहे काय, असा प्रश्न राज्यकर्त्यांच्या वर्तुळातून विचारला जाऊ लागला. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या पुणे गायन समाजाच्या कार्याकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. सुशिक्षित वर्गात संगीताला प्रतिष्ठा मिळवून द्यायची तर ते लिहिता आणि वर्गात शिकवता आले पाहिजे, ही जाणीव त्या काळात दृढ झाली.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी या जाणिवेला शास्त्रीय चौकट दिली. १९०४ च्या दक्षिण-प्रवासात त्यांचा व्यंकटमखींच्या ७२ मेलांच्या परंपरेशी निकटचा परिचय झाला. तेथील मेल-संकल्पना स्वीकारून, उत्तरेतील प्रचलित रागांसाठी त्यांनी दहा थाट पुरेसे मानले. ही मांडणी त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' या मराठी ग्रंथाच्या चार भागांत प्रश्नोत्तररूपाने विशद केली.

बिलावलला शुद्ध सप्तक मानणे म्हणजे इंग्रजी मेजर स्केलची नक्कल होय, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. तो टिकत नाही. पाटण्याच्या मुहम्मद रझा यांनी 'नग्मात-ए-आसफी' या १८१३ च्या ग्रंथातच बिलावलाला शुद्ध सप्तकाचे स्थान दिले होते. भातखंडे यांनी प्रचारात रुजलेल्या गोष्टीला ग्रंथमान्यता दिली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

पेटी आणि पट्टी

भातखंडे व विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या स्वरलेखनपद्धती भिन्न असल्या तरी दोहोंत की सिग्नेचरला स्थान नाही. याचे कारण उघड आहे. आपला षड्ज चल आहे. गायकाचा कंठ तो ठरवतो. म्हणून स्वरलेखनात 'सा' लिहिला की पुरे. तो कोणत्या उंचीवर लावायचा हे कागद सांगत नाही. कोमल-तीव्राचे चिन्ह प्रत्येक स्वराला तेथल्या तेथे दिले जाते.

तरीही षड्जाच्या निश्चित स्थानाचा प्रश्न हार्मोनियमच्या प्रसाराबरोबर आपल्याकडे उभा राहिलाच. संगीत नाटकांत ऑर्गन आणि पायपेटी आली, भजनात हातपेटी रुळली आणि त्यातून 'पट्टी' ही संज्ञा रूढ झाली. पांढरी एक षड्ज धरली तर बिलावलसाठी एकही काळी पट्टी लागत नाही. पांढरी पाच धरली तर निषादासाठी काळी तीन घ्यावी लागते. पांढरी दोन धरली तर काळी एक व काळी तीन अशा दोन लागतात. काळी एक धरली तर पाचही काळ्या पट्ट्या कामी येतात. युरोपीय विद्यार्थी जे की सिग्नेचरच्या तक्त्यावरून शिकतो, तेच ज्ञान आपल्या पेटीवाल्याच्या बोटांत असते. त्याने ते लिहिले नाही, एवढाच फरक.

श्रुतींचा वाद

या सोयीची किंमतही होती. हार्मोनियमचे बारा स्वर समान अंतरावर बसवलेले असतात. षड्जापासून त्यावरील शुद्ध गंधार ४०० सेंट अंतरावर असतो, तर ५:४ या प्रमाणातील स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. भातखंडे यांना ही गणिती निश्चिती मान्य नव्हती. १९१६ च्या बडोदा येथील अखिल भारतीय संगीत परिषदेतही श्रुतींचा प्रश्न चर्चिला गेला. पुढे १९४० मध्ये नभोवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली. ती १९७१ पासून शिथिल होऊ लागली. गावोगावच्या भजनात मात्र पेटी अखंड वाजत राहिली.

मर्यादा

थाटांची चौकट अध्यापनास सोयीची असली तरी अपुरी आहे. हार्मोनिक मायनर, म्हणजे कोमल गंधार-धैवत आणि शुद्ध निषाद असलेले सप्तक, दहा थाटांत बसत नाही. कर्नाटक पद्धतीत ते कीरवाणी मेल म्हणून नोंदलेले आहे. दुसरे असे की, थाट किंवा स्केल म्हणजे राग नव्हे. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच, पण चलन वेगळे. मेजर आनंदी व मायनर दुःखी हे समीकरण तर आपल्याकडे मुळीच चालत नाही. कोमल स्वरांनी भरलेल्या भैरवीत कीर्तनाची सांगता होते, तेव्हा श्रोता विरक्तीइतकाच तृप्तीचाही अनुभव घेतो.

निष्कर्ष

थाट हा 'कोणते स्वर' या प्रश्नाचे उत्तर देतो, तर पट्टी 'षड्ज कोठे' याचे. पाश्चात्त्य पद्धतीत ही दोन्ही उत्तरे 'डी मेजर' अशा एकाच नावात एकवटतात. हा भेद ध्यानात घेतल्यास विद्यार्थ्याचा गोंधळ बहुतांशी दूर होईल. त्यासाठी आपल्या अभ्यासक्रमांनी पट्टीच्या व्यवहारज्ञानाला जागा दिली पाहिजे. भोर-वेल्ह्यातील भजनी मंडळाचा पेटीवाला अशास्त्रीय समजला जातो. वास्तविक षड्ज बदलून तेच सप्तक वाजवण्याची त्याची विद्या हाच स्केल-विचाराचा गाभा आहे. ती शब्दांत नोंदवून वर्गात आणणे हे संगीताच्या अध्यापकांचे आणि इतिहासाच्या अभ्यासकांचे सामाईक कर्तव्य ठरते.