जोखीम कुणाच्या खांद्यावर? आयबीएम, जागतिक बँक आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल

१/ ऑक्टोबर १९७९. संगणक उद्योगातील अग्रणी कंपनी आयबीएमने १०० कोटी डॉलरचे रोखे विक्रीस काढले. तोवर अमेरिकेत कोणत्याही कंपनीने जाहीर विक्रीतून एवढे मोठे कर्ज उभारले नव्हते. सॉलोमन ब्रदर्स आणि मेरिल लिंच यांच्या पुढाकाराने अनेक वित्तसंस्थांनी या विक्रीची हमी घेतली होती.

२/ विक्री पुरी होण्याआधीच, शनिवार ६ ऑक्टोबरला, फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी महागाईविरुद्ध कठोर उपाय जाहीर केले. बँकांना कर्ज देण्याचा दर ११ वरून १२ टक्के झाला. नवा रोखा अधिक व्याज देऊ लागला, की जुना कुणी जुन्या भावाने घेत नाही. रोखेबाजार कोसळला.

३/ आयबीएमला मात्र ठरलेली रक्कम ठरलेल्या व्याजानेच मिळाली. तोटा सोसला तो न विकलेले रोखे हाती राहिलेल्या हमीदार संस्थांनी. जोखीम नाहीशी झाली नव्हती. ती दुसऱ्याच्या खांद्यावर गेली होती.

४/ ही अस्थिरता तशी नवी होती. १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलर आणि सोने यांचा दुवा तोडला आणि १९७३ पासून प्रमुख चलनांचे दर बाजारावर सोडले गेले. १९८० च्या आरंभी एका डॉलरला सुमारे पावणेदोन जर्मन मार्क मिळत. ऑगस्ट १९८१ मध्ये सुमारे अडीच.

५/ आयबीएमवर मार्क आणि स्विस फ्रँक या चलनांतील कर्जे होती. डॉलर वधारल्यामुळे ती फेडण्यास आता कमी डॉलर पुरत. पण डॉलर पुन्हा घसरला, तर हा लाभ हातचा जाणार होता.

६/ जागतिक बँकेची गरज नेमकी उलटी होती. अमेरिकेतील चढ्या व्याजापेक्षा तिला मार्क आणि फ्रँकमधील स्वस्त कर्ज हवे होते. परंतु त्या बाजारांतून तिने आधीच पुष्कळ उचल केली होती.

७/ ऑगस्ट १९८१ मध्ये सॉलोमन ब्रदर्सने दोघांची गाठ घालून दिली. बँकेने डॉलरमध्ये कर्ज काढले आणि आयबीएमच्या मार्क-फ्रँकमधील हप्त्यांइतकी रक्कम देण्याचे पत्करले. बदल्यात आयबीएमने बँकेचे डॉलरमधील हप्ते अंगावर घेतले. हाच तो ‘स्वॅप’, म्हणजे अदलाबदलीचा करार. आयबीएमचा लाभ पक्का झाला, बँकेला हवे ते चलन मिळाले. पुढे व्याजदरांचेही असे करार सर्रास होऊ लागले.

८/ नोव्हेंबर १९९३. साबण आणि डिटर्जंट बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलने बँकर्स ट्रस्ट या बँकेशी २० कोटी डॉलरवर आधारित पाच वर्षांचा स्वॅप केला. व्याजदर खालीच राहिले, तर कंपनीला बाजारभावापेक्षा पाऊण टक्का स्वस्तात पैसा मिळणार होता. दर चढल्यास मात्र, करारातील सूत्रानुसार, तिचा बोजा कित्येक पटींनी वाढणार होता.

९/ ४ फेब्रुवारी १९९४ रोजी फेडने दर अवघा पाव टक्का वाढवला. पाच वर्षांतील ती पहिली वाढ. पाठोपाठ आणखी झाल्या. एप्रिलमध्ये कंपनीने या आणि अशाच दुसऱ्या एका करारापोटी १५ कोटी ७० लाख डॉलरचा करपूर्व तोटा जाहीर केला. तिने बँकेवर फसवणुकीचा दावा लावला. १९९६ मध्ये तडजोड झाली.

१०/ दोन्ही करारांचे नाव एकच. आयबीएमने जवळ असलेली जोखीम उतरवली. प्रॉक्टर अँड गॅम्बलने थोड्या बचतीसाठी नसलेली जोखीम ओढवून घेतली. पहिला विम्यासारखा, दुसरा पैजेसारखा.

११/ असे फटके अनेकांना बसल्यावर नियम बदलले. १९९७ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने मोठ्या कंपन्यांना बाजारजोखमीचा तपशील उघड करण्यास बांधले. म्हणूनच आज त्यांच्या वार्षिक अहवालात एक रुक्ष परिच्छेद हटकून असतो: व्याजदर एक टक्का वाढला, तर आमचे किती जाईल? १९९३ मध्ये सही करण्यापूर्वी विचारायला हवा होता तो हाच प्रश्न.