सायगावचा पाव आणि शेगावची कचोरी

मागे ऑफिसच्या कामासाठी दोन आठवडे व्हिएतनामला जाणं झालं होतं. हो ची मिन्ह सिटी, म्हणजे जुनं सायगाव. हॉटेलखालीच एक बाई हातगाडीवर 'बान्ह मी' विकायच्या. पातळ कवचाचा कुरकुरीत पाव, आत अंडं, लोणच्यासारखं आंबवलेलं गाजर-मुळा, कोथिंबीर आणि वरून हिरवी मिरची. मी तिथे रोज नाश्ता केला. एक दिवस तिथल्या सहकाऱ्याला म्हटलं, "तुमचा हा पदार्थ किती जुना आहे रे? दोन-तीनशे वर्षं?" तो हसला. म्हणाला, "माझे आजोबा याच्यापेक्षा म्हातारे आहेत."

मग त्याने गोष्ट सांगितली. पाव आणला फ्रेंचांनी, त्यांनी १८५९ मध्ये सायगाव जिंकलं तेव्हापासून. पण तो होता साहेबाचा पाव, ताटात ठेवून काट्या-चमच्याने खायचा. १९५४ साली देशाचे दोन तुकडे झाले आणि आठ-दहा लाख माणसं उत्तरेतून दक्षिणेत आली. त्यातल्याच एका हनोईकडच्या कुटुंबाने १९५८ मध्ये सायगावात 'होआ मा' नावाचं दुकान टाकलं. कामावर जायच्या घाईतल्या गिऱ्हाइकाला बसून खायला वेळ नसायचा, म्हणून सगळं पावातच भरून हातात द्यायला लागले, असं सांगतात.

आता माझी पाळी होती. छाती फुगवून म्हटलं, "आमच्या गावाकडे पण असाच एक पदार्थ आहे, शेगावची कचोरी. पण आमची मात्र खरंच शेकडो वर्षं जुनी, अस्सल वऱ्हाडी!"

थाप मारायचा हेतू नव्हता, मला खरंच तसं वाटत होतं. मी खामगावचा. शेगाव आमच्यापासून जेमतेम अर्ध्या तासावर. लहानपणापासून जी गोष्ट बघतो ती अनादि काळापासून आहे असंच माणूस धरून चालतो. परत आल्यावर सहज वाचायला बसलो आणि तोंडात मारल्यासारखं झालं!

कचोरी जुनी आहे हे खरं. सतराव्या शतकात बनारसीदास या जैन व्यापारी-कवीने आपलं आत्मचरित्र लिहिलं, त्यात आग्र्याला धंद्यात बुडाल्यावर आपण कचोरीवाल्याकडे उधारीवर कसे महिनोन्‌महिने जेवलो हे त्याने नोंदवून ठेवलंय. पण ती आग्र्याची. आपली शेगावची कचोरी १९५० च्या आसपासची. तीरथराम करमचंद शर्मा नावाचे गृहस्थ फाळणीनंतर पंजाबातून आले, शेगावला स्थिरावले आणि स्टेशनवर कचोरी विकू लागले. म्हणजे जिला मी 'अस्सल वऱ्हाडी' म्हणत होतो, ती एका निर्वासिताने सुरू केलेली. गोष्ट सायगावचीच, फक्त गाव वेगळं.

पण मग शेगावच का? इथे खरा इतिहास आहे. आमच्या भागात रेल्वे आली ती कापसापायी. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी युद्ध झालं, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. जी. आय. पी. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. खामगावच्या कापूस बाजारासाठी तर जलंबपासून वेगळा फाटाच टाकला, १८७० मध्ये. शेगाव मात्र थेट मुंबई-नागपूर मुख्य मार्गावर पडलं. पुढे १८७८ मध्ये गजानन महाराज शेगावात प्रकटले, १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली, आणि भक्तांची रीघ लागली ती आजतागायत.

म्हणजे बघा, कापसाने रूळ आणले, महाराजांनी गर्दी आणली आणि फाळणीने कचोरी करणारे हात आणले. यातलं एक जरी नसतं तरी हा पदार्थ झाला नसता. (मिरचीसुद्धा आपली नाही बरं का. ती पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. असो.)

पदार्थाची रचनाही पाहण्यासारखी आहे. मैद्याची पारी, आत डाळीचं तिखट सारण, सोबत तळलेली खारट मिरची. चटणी नाही, दही नाही, वाटी-चमचा नाही. गाडी थांबते दोन मिनिटं. खिडकीतून पैसे द्यायचे, कागदात बांधलेली कचोरी घ्यायची, आणि गाडी हलली तरी कपड्यावर काही सांडत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर प्लॅटफॉर्म बघून लिहिलेला प्रोग्राम! :-)

हे सगळं मी उत्साहाने आजीला सांगायला गेलो. ती शांतपणे म्हणाली, "मले काय सांगतं बाप्पा? आमच्या मामंजीनं ताकीद देल्ली होती, त्या निर्वासितायच्या हातचं घरात आनाचं नाही." मी गप्पच झालो. फाळणीत दीड कोटीच्या आसपास माणसं घरदार सोडून निघाली हे शाळेत पाठ केलं होतं. त्यातल्या कुणाच्या तरी हातचं न खाणारे लोक माझ्याच घरात होते, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"मग तू खाल्ली कधी?" मी विचारलं.

"तुह्या आबानं आनली लपून. मंदिरातून परत येतानी. पानी भरल्या डोयानं खाल्ली, लय तिखट होती." आणि हसायला लागली.

आज पुण्यात माझ्या घराजवळच्या टपरीवरसुद्धा 'शेगाव कचोरी' अशी पाटी आहे. नाव गावाचं लागलं, तिचं पंजाबातलं गाव कोणाला आठवत नाही. एका अर्थी हे चांगलंच झालं, इतकं आपलं करून घेतलं आपण. पण 'हे आमचं, ते बाहेरचं' अशी भाषा हल्ली कुठेही ऐकली की मला ती ताकीद आठवते.

त्या सहकाऱ्याला मी मेल टाकून चूक कबूल केली. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "तुझी आजी माझ्या आजोबांना भेटायला हवी."

पुढच्या वेळी शेगावला जाल तेव्हा दर्शन झाल्यावर कचोरी खाच. गरम असतानाच खा, आणि मिरची सोडू नका.