चकाकीला झाकावे कसे?

खिडकीच्या गजांना किंवा पत्र्याच्या टाकीला लावायचा चंदेरी रंग बरेचदा दोन डब्यांत मिळतो. एका डब्यात अ‍ॅल्युमिनियमचा लगदा आणि दुसऱ्यात वार्निशासारखे द्रव माध्यम असते. रंगारी लागेल तेवढेच मिश्रण आयत्या वेळी तयार करतो, कारण कालवून ठेवलेला रंग पुढे तितकासा चमकत नाही. मोटारीच्या चाकांना 'क्रोम' पावडर कोटिंग करणाऱ्या कारागिरांना जी अडचण छळते, तिचे मूळही इथेच आहे. भट्टीतून निघालेले चाक आरशासारखे झळकते. ते टिकावे म्हणून त्यावर पारदर्शक लेप देऊन पुन्हा भाजले, की आरसा जातो आणि करडा चंदेरी रंग उरतो. लेप तर काचेसारखा स्वच्छ असतो. मग चमक जाते कुठे?

उत्तरासाठी आपल्याला १८४० च्या सुमाराच्या लंडनमध्ये जावे लागेल. पुढे पोलादामुळे जगप्रसिद्ध झालेला हेन्री बेसेमर तेव्हा सत्ताविशीतला तरुण होता. बहिणीने काढलेल्या फुलांच्या चित्रांच्या संग्रहावर सोनेरी अक्षरे काढण्यासाठी तो पितळेची पूड आणायला गेला. एका औंसाला सात शिलिंग ही किंमत ऐकून तो चकित झाला. पितळ काही इतके महाग नव्हते, म्हणजे किंमत होती ती मजुरीची. जर्मनीतले कारागीर आपल्याकडच्या वर्खासारखी पितळेची पाने ठोकून काढत आणि ती मधात खलून धूत. बेसेमरने यंत्राने पितळ किसून पूड केली, पण ती मातकट दिसली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पुडी पाहिल्यावर उलगडा झाला. जर्मन पुडीत चपटे, पातळ पापुद्रे होते, तर त्याच्या पुडीत वेडेवाकडे कण. धातू तोच, फरक फक्त आकाराचा! चपटे पापुद्रे एका पातळीत पहुडले की लहान लहान आरशांसारखे सगळा प्रकाश एकाच दिशेने परतवतात. वेड्यावाकड्या कणांवरून तो चहूकडे विखुरतो.

बेसेमरने मग कण चपटे करणारी यंत्रे बनवली. एकस्व न घेता त्याने ही कृती तीसहून अधिक वर्षे गुप्त ठेवली. यंत्रांचे भाग निरनिराळ्या गावच्या कारखान्यांतून करवून घेतले आणि आत फक्त मेव्हण्यांना कामाला ठेवले. या पुडीच्या नफ्यावरच त्याचे पोलादाचे प्रयोग उभे राहिले. पाठ्यपुस्तकांत १८५६ चा पोलादाचा शोध असतो, ही पूड मात्र नसते, याचे आम्हाला नेहमी नवल वाटते.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त झाल्यावर त्याचीही अशी पूड होऊ लागली, पण ती कोरडी कुटताना स्फोट होत. १९२० च्या दशकात अमेरिकेत एव्हरेट हॉल याने ती गोळ्यांच्या फिरत्या पिंपात, खनिज तेलात भिजवून दळण्याची पद्धत काढली. सोबत मेणबत्तीत असते ते स्टिअरिक आम्ल घातले. या आम्लाचा पातळ थर पापुद्र्यांवर बसतो, माध्यम त्यांना नीट भिजवू शकत नाही, आणि ते पाण्यावरच्या पानांसारखे पृष्ठभागावर येऊन एकमेकांना खेटून आडवे होतात. दोन डब्यांचे रहस्य हेच. माध्यमात फार काळ राहिल्यास पापुद्रे भिजतात आणि तरंगेनासे होतात.

पावडर कोटिंग त्यानंतरचे. १९५० च्या दशकात जर्मनीत एर्विन गेमर याने तापवलेल्या वस्तू हवेने उसळत्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पुडीत बुडवून लेप देण्याची युक्ती काढली. पुढच्या दशकात पुडीला विद्युतभार देऊन ती फवारण्याची पद्धत आली. वस्तू सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली की पूड वितळून एकसंध थर होतो. द्रावक लागत नाही, धूर नाही. या पुडीत तरंगणारे अ‍ॅल्युमिनियमचे पापुद्रे घातले की 'क्रोम' तयार! त्यात क्रोमियमचा मात्र कणही नसतो.

खऱ्या क्रोमच्या मुलाम्याला वरून लेप लागत नाही. निकेलवर चढवलेला क्रोमियमचा थर बहुधा एका मायक्रॉनहूनही कमी असतो आणि हवेत त्यावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा आपोआप येतो, हाच त्याचा पारदर्शक लेप. पण पारंपरिक मुलाम्याच्या कुंडातले षट्संयोजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड वापरायला खास परवानगी लागू लागली. पर्यायांची ओढ आहे ती कुंडाशी उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसांसाठी.

पावडरच्या 'क्रोम'ला मात्र संरक्षण हवेच. पापुद्रे अगदी वर उघडे असतात. बोट घासले तर काळसर डाग येतो, आणि चाके धुण्याची आम्ले व अल्कली अ‍ॅल्युमिनियमला खातात. पारदर्शक पूड वर वितळली की पापुद्रे भिजतात, हलतात, किंचित तिरके होतात, आणि बेसेमरची पहिली मातकट पूड पुन्हा अवतरते. शिवाय सैल पापुद्र्यांवर नव्या लेपाची पकडही कच्चीच राहते. मोटारींच्या नेहमीच्या मेटॅलिक रंगावर पारदर्शक लेप बिनतक्रार बसतो, कारण त्यातले पापुद्रे तरंगणारे नसतात, ते थराच्या आत बुडालेले असतात. तिथे चमक असते, आरसा नसतो.

म्हणून थोडा आरसा सोडून न तरंगणारे पापुद्रे घेणे हा एक मार्ग. दुसरा खर्चिक: गुळगुळीत पावडर थरावर निर्वातात धातूची वाफ बसवायची आणि मग पारदर्शक लेप द्यायचा. तिथे सुटे पापुद्रेच नसल्याने विस्कटायला काही उरत नाही.

वर्गात हे दाखवता येईल. दोन डब्यांचा चंदेरी रंग ताजा कालवून काचपट्टीवर लावा, दोन दिवस वाळवा, अर्ध्या भागावर स्वच्छ वार्निश द्या. खिडक्या उघड्या ठेवा. वाळल्यावर दोन्ही अर्ध्यांत ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहा, आणि दोन्हींवर पांढरे फडके घासून पाहा.