काडतुसाची मेखला : एका अवशेषाचा इतिहास

प्रयोजन संपल्यावरही एखादा यंत्रावयव टिकून राहतो आणि वापरणाऱ्यांपुढे नवे प्रश्न उभे करतो, याचे बोधप्रद उदाहरण मॅग्नम काडतुसाच्या मेखलेत सापडते.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूककारांनी १९१२ मध्ये .३७५ मॅग्नम काडतूस प्रचारात आणले. कॉर्डाइटच्या लांब कांड्यांना सोयीचा असा त्याचा पितळी कोश निमुळता होता. स्कंध इतका उतरता, की त्याच्या आधारे काडतूस कक्षात नेमके बसण्याचा भरवसा नव्हता. तो आधार बुडाजवळच्या उंच कड्याने, म्हणजेच मेखलेने, दिला.

पुढे अमेरिकेत विंचेस्टरचे .३३८ (१९५८) व .३०० (१९६३) आणि रेमिंग्टनचे ७ मिलिमीटर (१९६२) ही मॅग्नम काडतुसे निघाली. त्यांचे स्कंध ठळक होते. मेखलेची आवश्यकता उरली नव्हती. तथापि ती राहिली, मापे तिच्यावरूनच ठरत गेली आणि स्कंधापाशी सैलपणा राहू लागला.

त्याचा परिणाम कोश पुन्हा भरणाऱ्यांस भोगावा लागला. बार उडताच स्कंध पुढे सरकतो. संपूर्ण कोश आवळणारा साचा त्यास मागे ढकलतो. हे वारंवार घडले म्हणजे मेखलेपुढील पितळ ताणले जाऊन पातळ होते आणि कोश तेथेच तुटतो. म्हणून केवळ मान आवळणारा साचा पसंत केला जातो; तो स्कंधास धक्का लावीत नाही. मात्र असा कोश त्याच रायफलीस योग्य ठरतो, आणि काही बारांनंतर तो कक्षात घट्ट होऊ लागला, की स्कंध किंचित मागे घ्यावाच लागतो.

साच्याची ही निवड वरकरणी कारागिरीची बाब दिसते. वस्तुतः ती कॉर्डाइटच्या काळातील एका निर्णयाची उशिरा केलेली दुरुस्ती होय.